तांदळाएवढी मोकळीक

मन्मथअप्पांकडे गाडी न्यायची म्हणजे आधी स्वतःची वागणूक तपासून घ्यावी लागायची. गाडीला काय झालंय हे ते नंतर विचारत. आधी विचारत, "तुमी काय केलं?" मग आपण घाटात किती जोरात होतो, मागं किती माणसं बसली होती, ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं, हे सगळं मान खाली घालून सांगायचं. अप्पा ऐकून घेत, मान हलवत आणि मगच गाडीकडं बघत.

गंगाखेडला परभणी रस्त्यावर त्यांचं पत्र्याचं शेड होतं. पाटीवर 'ब्रेक' एवढा एकच शब्द. इंजिन, गिअर, बॅटरी असल्या कामांना ते हात लावत नसत. कुणी म्हणालं, अप्पा, जाता जाता जरा इंजिनाचंही बघा, तर ते रस्त्यापलीकडं बोट दाखवत. गाडी पळवून देणारे लय हायत, आपुन थांबवायचं बघतो, असं म्हणून पुन्हा चाकाशी बसत. शेजारी सलीमभाईंचं रंगकामाचं दुकान होतं. सलीमभाई म्हणायचे, अप्पांचं बरं हाय, ह्यांच्याकडं येणारा माणूस घाबरूनच येतो, घासाघीस करत न्हाई.

अप्पा उंच, वाळके, कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे, गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी. शर्टाच्या खिशात कायम मूठभर फुटाणे. आल्यागेल्याला "शरणार्थ" म्हणायचे, मग तो जीपवाला असो की तहसीलदार. आणि पायात चप्पल असली तरी ती काढून ठेवण्यासाठीच असायची. काम झालं की ते गाडीत बसत, डबीला हात लावत, उजवी चप्पल काढून सीटखाली सरकवत आणि अनवाणी पायानं गाडी गोदावरीच्या पुलाकडं घेऊन जात. परत आल्यावर त्यांचा अहवाल तीनच शब्दांत असे. पायडल एक तर दगड, नाही तर दही, नाही तर भाकरी. दगड म्हणजे दाबून दबत नाही. दही म्हणजे पाय नुसता आत जातो. भाकरी झाली की गाडी गिऱ्हाइकाच्या ताब्यात. मी त्यांना एकदा विचारलं होतं, चप्पल घालून कळत नाही का? ते म्हणाले, चप्पल घालून कणीक मळता येती का?

आता माझ्या गाडीबद्दल सांगावं लागेल, आणि ते सांगताना मला अजून थोडी लाज वाटते. मी पालमला कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवतो, राहतो गंगाखेडला. मराठीच्या मास्तरला टर्बो इंजिनची गाडी कशाला पाहिजे, असं माझी बायको सुनीता अजूनही विचारते. पुण्याच्या एका हौशी माणसाकडून मी ती जुनी घेतली. त्यानं इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये फेरफार करून ताकद बरीच वाढवली होती आणि ब्रेक मात्र मूळचेच ठेवले होते. हे मला कळलं तेव्हा मी पालमच्या रस्त्यावर, एका ट्रकच्या मागच्या फळीपासून हातभर अंतरावर होतो. पुढच्या चाकातून जळका वास येत होता आणि पायडल जवळजवळ तळाला गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी अप्पांकडं गेलो तो सगळी तयारी करून. रात्रभर व्हिडिओ बघून ठेवले होते. डिस्कला चिमटीत धरणारे सहा पिस्टनचे लाल कॅलिपर, भोकाभोकांच्या डिस्क, शर्यतीच्या गाडीचे पॅड. मोबाइलवरचा फोटो मी त्यांच्यापुढं धरला. त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ बघितला.

"चांगलं हाय," ते म्हणाले. "कुठं चालवायचं?"

म्हटलं, पालमच्या रस्त्यावर. त्यांनी मोबाइल परत दिला आणि उद्या मी तुमच्यासंगं येतो म्हणाले.

ते खरंच आले. तीन दिवस सकाळी माझ्याबरोबर पालमला आणि तिथून एसटीनं परत. जाताना बाजूच्या सीटवर बसायचे. मी जोरात ब्रेक दाबला की खिशातला एक फुटाणा काढून पुढच्या कप्प्यात ठेवायचे. तिसऱ्या दिवशी कॉलेजच्या फाटकापाशी त्यांनी फुटाण्यांचा हिशेब केला. तीन दिवसांत अकरा. त्यातले सहा गतिरोधकाचे, कारण मला ते दिसतच नव्हते. दोन म्हशीचे, एक एसटीचा. उरलेले दोन त्यांनी माझ्या तळहातावर ठेवले आणि म्हणाले, हे तुमच्या हौशीचे, खाऊन टाका. मी फाटकात उभा राहून ते खाल्ले, समोरून बारावीची मुलं जात होती.

मग त्यांनी माझ्या यादीतली एकेक गोष्ट बाद केली, आणि तीही कारण सांगून. शर्यतीचे पॅड तापल्यावर धरतात. सकाळी सातला पालमच्या रस्त्यावर ते थंड असणार. "म्हशीला सांगणार का तुमी, बाई, पाच मिनिट थांब, माझं पॅड तापू दे?" भोकाच्या डिस्कला भोकापासून तडा जातो, रोजच्या गाडीला साधी डिस्क बरी. सहा पिस्टनचा कॅलिपर पुढं घातला आणि मागचं तसंच ठेवलं, तर सगळा जोर पुढं येणार, मागची चाकं फुकट फिरणार, आणि गाडी उलट लांब जाऊन थांबणार. शिवाय तो बसतच नव्हता. हे दाखवायला त्यांनी एक जुनी लग्नपत्रिका घेतली, त्या कॅलिपरच्या मापाचा आकार कात्रीनं कापला आणि माझ्या चाकाच्या आत धरून बघितला. पत्रिका चाकाला घासून दुमडली. चिरंजीव आणि चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी यांच्या मधोमध घडी पडलेली मला आठवते.

त्यांचा निवाडा असा होता. त्याच कंपनीच्या थोरल्या गाडीची पुढची डिस्क आणि कॅलिपर, त्याच गाडीचा, पायाचा जोर ऑइलमधून चाकांपर्यंत नेणारा मास्टर सिलिंडर, थंड असतानाही धरणारे साधे चांगले पॅड, रबराऐवजी स्टीलच्या जाळीचे पाइप, ताजं ब्रेक ऑइल. आणि सगळ्यात आधी चार नवीन टायर. टायरचं ऐकून मी नाराज झालो. ब्रेकसाठी आलो आणि टायर कसले? अप्पा म्हणाले, ब्रेक चाकाला थांबवतो सर, गाडीला रस्ता थांबवतो, आन रस्त्याला तुमचा निस्ता टायर लागतोय.

माझं तोंड पडलेलं त्यांनी पाहिलं असावं. काम संपायच्या दिवशी मी गेलो तर सलीमभाई ब्रश घेऊन माझ्या पुढच्या चाकाशी बसले होते आणि साधा, लोखंडी, थोरल्या गाडीचा कॅलिपर लालभडक रंगवत होते. अप्पा कडेला उभे होते. रंगानं थांबायला काय अडत न्हाई, म्हणाले. मला इतका आनंद झाला की सुनीताला दाखवायला मी चाकाचा फोटो काढून पाठवला. 

त्या दिवशी गाडी पुलाकडून आणून अप्पांनी मला शेजारी बसवलं आणि एक गोष्ट समजावून सांगितली. पायडलवर पाय टेकवला की ब्रेक धरायच्या आधी अगदी थोडी जागा मोकळी लागते. आतली दांडी सिलिंडरला चिकटून बसली तर पाय काढला तरी ब्रेक पुरता सुटत नाही. पॅड घासत राहतो, तापतो, तापला की जास्त घासतो, आणि शेवटी ऑइल उकळतं. ही मोकळीक किती पाहिजे? "तांदळाच्या दाण्याएवढी," अप्पा म्हणाले. बाकी लोक ती पट्टीनं मोजतात. अप्पा तळव्यानं मोजत. त्यांनी डोळे मिटून दोनतीनदा पायडलवर पाय टेकवला, काढला, पुन्हा टेकवला. नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ लागला, असं मला आता वाटतं. मग म्हणाले, भाकरी.

दोन दिवसांनी पालमहून मी त्यांना फोन केला. गाडी मोकळी पळत नव्हती, पाय काढला की पुढं घरंगळायच्या ऐवजी मागं ओढायची. मी म्हणालो, "अप्पा, ब्रेक लागायलाय."

"लागायलाय न्हवं?" त्यांचा आवाज खुलला. "मग झालं. लागू द्या."

आमच्याकडं ब्रेक लागायलाय म्हणजे दाबल्यावर ब्रेक धरतोय, काम करतोय. आणि ब्रेक लागायलाय म्हणजे न दाबताही तो घासतोय. दोन्ही अर्थ रोजच्या बोलण्यातले. मी दुसऱ्या अर्थानं बोललो, ते पहिल्या अर्थानं ऐकून खूश झाले. आणि ते खूश झाले म्हणून मला वाटलं, नवीन पॅड आहेत, थोडे घासणारच, अप्पा म्हणतात तर लागू द्यावेत. मी मराठी शिकवतो. पोरांच्या उत्तरपत्रिकेत संदिग्ध वाक्यरचनेला अर्धा गुण कापतो.

त्याच दिवशी संध्याकाळी सुनीता आणि आमची नऊ वर्षांची ईश्वरी पालमला तिच्या मावशीकडं आल्या होत्या, त्यांना घेऊन मी परत निघालो. उसाचे दिवस. एका शेताच्या वाटेनं दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर हळूहळू रस्त्यावर चढत होता. अंतर भरपूर होतं. मी ब्रेक दाबला आणि पाय तळाला गेला. पुन्हा दाबला, पुन्हा तळाला. दुसरा गिअर, पहिला गिअर, हँडब्रेक, असं काहीतरी केलं असेन, नीट आठवत नाही. दुसरी ट्रॉली समोर मोठी मोठी होत गेली एवढं आठवतं. मी गाडी डावीकडं तुरीत घातली. ती बऱ्याच आत जाऊन बांधाला टेकून थांबली. सुनीताच्या हातातल्या बांगड्या फुटून मनगटाला कापलं होतं. ईश्वरीला काही झालं नव्हतं, फक्त ती बोलत नव्हती.

मी अप्पांना फोन केला. सलीमभाईंच्या मोटारसायकलवर ते अर्ध्या तासात आले. मला वाटलं, आल्या आल्या चाकाकडं जातील. ते ईश्वरीकडं गेले. बांधावर ती बसली होती, तिच्यापुढं मातीत मांडी घालून बसले. शेवटी तीच म्हणाली, आजोबा, तुमच्या डोक्याला तुरीचं पान लागलंय. मग ते उठले, गाडीत वाकले, आणि पायडल हातानं दाबून बघितलं. पायानं नाही, हे मी पाहिलं, पण त्याचा अर्थ तेव्हा मला लागला नाही.

ही हकिगत गंगाखेडात आठवडाभर पुरली. चहाच्या हॉटेलात लोक एकमेकांना विचारायचे, काय, लागायलाय का? आणि हसायचे. मलाही ते बरंच वाटत होतं. चूक शब्दाची ठरली की माणसाची उरत नाही. अप्पांची तीस-चाळीस वर्षांची इभ्रत एका क्रियापदावर निभावली असती आणि मी ती निभावून न्यायला तयार होतो. भेटेल त्याला सांगत होतो, माझंच चुकलं, मीच नीट बोललो नाही.

अप्पांनी ते चालू दिलं नाही. एका रविवारी दुपारी ते घरी आले. सुनीताच्या हाताची चौकशी केली, चहा घेतला. मग खुर्चीवर बसूनच उजवा पाय पुढं केला आणि मला म्हणाले, पेन घ्या. मी पेन घेतलं. ते म्हणाले, टोपण लावूनच तळव्याला कुठंबी टेकवा, मी डोळे मिटतो, टेकवलं की सांगतो.

मी टाचेपाशी टेकवलं. ते गप्प. चवड्यावर टेकवलं. अंगठ्याच्या खाली जरा दाबून टेकवलं. मग पुन्हा टाचेपाशी.

"टेकवा की," अप्पा म्हणाले.

सुनीता दारात उभी होती, ती आत निघून गेली. मी पेन बाजूला ठेवलं.  त्यांनी डोळे उघडले, माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि त्यांना कळलं.

"शबुद न्हाई चुकला, सर," ते म्हणाले. "पाय चुकला. साखर लय दिसापासून हाय. दिवाळीपासून तळव्याला काय बी कळंना. मालूम होतं मला. तरी म्या भाकरी म्हणलं."

त्यांच्यावर रागवावं असं त्या क्षणी वाटलं, आणि रागवलोही. ईश्वरी त्या गाडीत होती, एवढंच म्हणालो. ते म्हणाले, हाव. त्यांनी मधुमेहाचं गाऱ्हाणं सांगितलं नाही, की माफीही मागितली नाही. मग म्हणाले, दिवाळीपासून लय गाड्या गेल्यात माझ्या हाताखालून. त्या बोलवायच्या हायत. "तुमचा पाय द्या दोन दिस."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं आणि राग कुठच्या कुठं गेला.

दुसऱ्या दिवसापासून अप्पांनी एकेकाला फोन लावला. प्रत्येकाला तेच सांगत. माझा पाय कामातून गेलाय, तुमची गाडी म्या बिनपायाची तपासली, घेऊन या. जीपवाले आले, टेम्पोवाले आले, एक डॉक्टर आले. काही जण लय बोलले, ते त्यांनी ऐकून घेतलं. मी कॉलेजला रजा टाकली आणि चप्पल काढून प्रत्येक गाडीत बसलो. अप्पा खाली वाकून दांडी फिरवत आणि विचारत, आता? मला पहिल्या दिवशी काहीच कळेना. सगळी पायडलं सारखीच. अप्पा चिडले नाहीत. म्हणाले, दाबू नका. दाबायची घाई हाय तुमाला. निस्तं टेकवा, आन थांबा. दुसऱ्या दिवशी दुपारी एका जुन्या टेम्पोत मी पाय टेकवला आणि पायडल धरायच्या आधी अगदी जराशी, असून नसल्यासारखी जागा तळव्याला लागली. मी ओरडून सांगितलं. अप्पांनी दांडीवरचा नट आवळला आणि पट्टी लावून बघितली. आयुष्यात पहिल्यांदाच मला डोळ्यांव्यतिरिक्त शरीराच्या दुसऱ्या भागानं काही वाचता आलं, आणि ते मला त्यांनी, स्वतःचं गेलेलं असताना, वाकून वाकून शिकवलं.

त्या सगळ्या गाड्यांत दोन सापडल्या, माझ्यासारख्याच घासणाऱ्या. त्या दुरुस्त झाल्यावर अप्पांनी शेडला कुलूप लावलं. मी खूप सांगितलं, पट्टीनं मोजून करा की काम, सगळे तसंच करतात. त्यांनी मान हलवली. लोक पट्टीच्या भरोशावर माझ्याकडं येत न्हवते, म्हणाले. नंतर ते मुलीकडं उदगीरला राहायला गेले आणि गेल्या पावसाळ्यात तिकडंच गेले. मला निरोप तीन दिवसांनी मिळाला. शेडच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे.

उदगीरला जायच्या आधी महिनाभर त्यांच्या पायाला जखम झाली होती. चटका बसला तो त्यांना कळलाच नव्हता. परभणीला डॉक्टरांकडं मीच त्यांना नेत असे, माझ्याच गाडीतून. लाल कॅलिपरांचा रंग आता बराच उडालाय, पण ब्रेक तेच आहेत आणि फार चांगले आहेत. शेवटच्या खेपेला डॉक्टरांनी त्यांना मऊ तळाचे बंद बूट दिले, घरातसुद्धा काढायचे नाहीत असं बजावून. ते घालून अप्पा माझ्या शेजारी बसले. बूट कसेतरीच दिसत होते त्यांच्या पायात. दुपारची वेळ, रस्ता रिकामा, मी काहीतरी बोलत होतो.

दैठण्याच्या अलीकडं बाभळींच्या आडून मेंढरं एकदम रस्त्यावर आली. मी ब्रेक दाबला. गाडी सरळ, न डगमगता थांबली. आणि थांबताना माझी नजर खाली गेली. अप्पांचा उजवा बूट पायाखालच्या रबरी मॅटवर रुतून बसला होता, गुडघा ताठ, सगळा भार त्या पायावर. माझा पाय पायडलवर जायच्या आधीच तो तिथं गेला होता, हे मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं होतं.

मी बघतोय हे त्यांना दिसलं. त्यांनीही खाली पाहिलं, दुसऱ्या कुणाच्या पायाकडं बघावं तसं.

"म्या दाबला का?"

म्हटलं, "हाव अप्पा. माझ्याआधी."

ते बुटाकडं बघत राहिले. "येळेवर?"

"येळेवर."

 मेंढरं निवांत जात होती, एक कोकरू मागं राहिलं होतं, धनगर त्याला उचलायला वळला. रस्ता रिकामा झाला तरी मी तसाच बसलो होतो. मागं जीप येऊन थांबली, तिनं एकदा हॉर्न दिला, मग दुसऱ्यांदा.

अप्पांनी हातानं गुडघा धरून पाय मागं घेतला. "चला सर," म्हणाले, "लोकं खोळंबलेत."